एक ते सात : मोबाईलच्या बटणांवरची सरगम

🧵 उमरी हे नांदेड जिल्ह्यातील, मुदखेड–निजामाबाद लोहमार्गावरचे तालुक्याचे गाव. अशा गावांतील मोबाईलच्या दुकानांत एकेकाळी मेमरी कार्डात गाणी ‘भरून’ मिळत आणि हवा तो तुकडा कापून रिंगटोन करून दिली जाई. पण गाणे कापण्याच्या आधीच्या काळात रिंगटोन स्वतः रचावी लागे. त्या अल्पायुषी कलेचा हा इतिहास.

१/ १९९४ मध्ये नोकियाच्या २११० या फोनबरोबर एक धून जगभर पोहोचली. ती स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा यांच्या १९०२ मधील ‘ग्रान व्हाल्स’ या रचनेतून घेतलेली होती. अडचण एकच : एक फोन वाजला की दहा जणांचे हात खिशाकडे जात.

२/ त्यावरचा उपाय ३२१० (१९९९) आणि ३३१० (२०००) या फोनमधील ‘कंपोझर’ने दिला. १ ते ७ ही बटणे म्हणजे सात स्वर. ८ ने स्वर आखूड होई, ९ ने लांबे. ० म्हणजे विराम, * ने सप्तक बदले आणि # ने स्वर अर्ध्या पायरीने चढे.

३/ पेटी वाजवणाऱ्याला ही भाषा परकी नव्हती. १ म्हणजे सा धरला, की सातही शुद्ध स्वर ओळीने हाती येत. भूप हवा? १, २, ३, ५, ६. यमनचा तीव्र मध्यम? ४ आणि #. कोमलासाठी मात्र वेगळे बटण नव्हते. कोमल गंधार हवा असेल, तर रिषभच चढवावा लागे.

४/ ऐकलेले संगीत खुणांत बांधण्याचा हा खटाटोप महाराष्ट्राला जुनाच. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी घराण्यांतील बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तार सप्तकासाठी वर बिंदू, मंद्रासाठी खाली. बिंदूंचे काम फोनमध्ये * करू लागला.

५/ मर्यादाही तीच. भातखंडे यांच्या लिपीवर आक्षेप होता, की मींड आणि गमक कागदावर उतरत नाहीत. फोनमध्ये तर एका वेळी एकच स्वर आणि एका धुनेत जास्तीत जास्त ५० स्वर. त्यामुळे गाण्यातले नेमके काय राखायचे, हे रचणाऱ्याच्या कानालाच ठरवावे लागे.

६/ १९९८ च्या सुमारास फिनलंडमध्ये वेसा-मत्ती पानानेन यांनी संदेशाद्वारे रिंगटोन पाठवणारी सेवा उभारली. तिचे नाव योगायोगाने ‘हार्मोनियम’! धून आता विकत मिळू लागली. पुढे एमपीथ्री वाजवणारे फोन आले आणि स्वर शोधण्याची गरजच संपली. कान मागे पडला, कात्री पुढे आली.

७/ भातखंडे यांच्या बंदिशी छापल्या गेल्या, म्हणून टिकल्या. बटणांवर रचलेल्या धुना मात्र फोनबरोबर भंगारात गेल्या. शास्त्र न शिकलेल्या असंख्य तरुणांनी केवळ कानाने केलेले ते स्वरलेखन कोणत्याही संग्रहालयात नाही.

८/ म्हणून घरातला जुना बटणांचा फोन मोडीत देण्यापूर्वी एकदा चार्ज करून पाहावा. जुन्या वहीच्या मागच्या पानावर आकड्यांची अनाकलनीय ओळ आढळली, तर ती फाडू नये. तो दूरध्वनी क्रमांक नसून एखादे गाणे असू शकते.