गोवळकोंड्याचा बाला हिसार

बरकतपुऱ्यातून निघून पश्चिमेकडे सारे शहर ओलांडले की एक खडकाळ टेकडी दिसू लागते. ‘गोल्ला’ म्हणजे गवळी वा धनगर, ‘कोंडा’ म्हणजे टेकडी. या तेलुगू शब्दांवरून गोवळकोंडा हे नाव आले. काकतीयांच्या काळी येथे मातीचा कोट होता. पुढे तो बहामनी सत्तेकडे गेला आणि 1518 च्या सुमारास सुलतान कुली कुतुबशहाने स्वतंत्र होऊन येथे राजधानी मांडली. दगडी तटबंदीचे काम त्याच्या वारसांनी पूर्ण केले.

स्कॉटलंडातील सरदारांनी त्याच काळात मनोऱ्यासारखी उंच घरे बांधली. 1626 मध्ये पुरा झालेला क्रेगिव्हर हा त्यांतला एक नामांकित वाडा. जाड भिंती, एकच अरुंद दार, त्यामागे लोखंडी जाळीचा दुसरा दरवाजा, खाली कोठार, वर दिवाणखाना आणि त्याहून वर धन्याची शयनगृहे. अशा घरांची ही ठरलेली रचना. शत्रूला एकेक पायरी लढून चढावी लागावी, हा तिचा हेतू.

बाला हिसार, म्हणजे गोवळकोंड्याचा बालेकिल्ला, याच विचाराचे विशाल रूप आहे. येथे मनोऱ्याचे काम टेकडीनेच केले. बाहेरच्या तटाला 87 बुरूज आणि आठ दरवाजे. फतेह दरवाजाच्या फळ्यांवर, हत्तीने धडक देऊ नये म्हणून, लोखंडी अणकुच्या ठोकलेल्या आहेत. बालेकिल्ल्याच्या दारासमोर आडवी भिंत घातली आहे, म्हणजे हत्तीला धावत येण्यास वावच उरत नाही. आत शिरताच घुमटाखाली टाळी वाजविली, तर ती वरच्या बारादरीत ऐकू येते. वर जाण्यास साडेतीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. रहाटांनी टप्प्याटप्प्याने उपसलेले पाणी मातीच्या नळांतून माथ्यापर्यंत पोचविले जाई. वाटेवर धान्याचे अंबरखाने आहेत. भद्राचलमच्या राममंदिरासाठी सरकारी पैसा खर्च केल्याच्या आरोपावरून तहसीलदार कंचर्ल गोपन्ना, म्हणजे भक्त रामदास, ज्या कोठडीत राहिले असे सांगतात, तीही येथेच आहे.

मराठी माणसाला या स्थळाचा जिव्हाळा वाटावा असे आणखी एक कारण आहे. 1677 मध्ये कर्नाटकाच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज भागानगरास आले आणि अबुल हसन कुतुबशहाशी त्यांनी तह केला. मादण्णा व आकण्णा या बंधूंच्या मुत्सद्देगिरीचा त्यात मोठा वाटा होता. दक्षिणेच्या सत्तांनी एकत्र उभे राहावे, हा त्यामागचा विचार. तो फार काळ टिकला नाही. 1686 मध्ये या दोघा बंधूंचा भागानगरात खून झाला आणि पुढच्याच वर्षी औरंगजेबाने गोवळकोंड्याला वेढा घातला.

तो वेढा सुमारे आठ महिने चालला. मोगलांनी पेरलेले सुरुंग उलटून त्यांच्याच माणसांवर कोसळले. पावसाने छावणीची दैना केली, धान्याची टंचाई पडली. तट मात्र ढळला नाही. अखेर सप्टेंबर 1687 मध्ये एका रात्री किल्ल्यातीलच एका पठाण सरदाराने लाच घेऊन दिंडी उघडली. अब्दुल रझाक लारी हा सरदार तेवढा शेवटपर्यंत झुंजला. त्याच्या अंगावर सत्तरांहून अधिक जखमा होत्या, असे खाफी खान लिहितो. त्याची निष्ठा पाहून स्वतः औरंगजेबाने त्याच्यावर वैद्य नेमले. अबुल हसनची रवानगी दौलताबादेस झाली आणि तेथेच कैदेत त्याचा अंत झाला.

तटाचा प्रत्येक दगड शत्रू बाहेरून येईल हे गृहीत धरून बसविलेला होता. हत्तींसाठी अणकुच्या होत्या, तोफांसाठी बुरूज होते, दुष्काळासाठी कोठारे होती. फितुरीवर मात्र वास्तुशास्त्रात उपाय नव्हता. मादण्णा-आकण्णांसारखी माणसे जेथे गमावली जातात, तेथे भिंतींनी कोणाच्या भरवशावर उभे राहावे? बारादरीपर्यंत चढून गेल्यावर खालचे अफाट शहर तर पाहावेच. पण उतरताना त्या दारांकडेही क्षणभर पाहावे. त्यांची मजबुती अखेर कडी धरणाऱ्या हातावरच अवलंबून होती.