दोन शिलिंग आठ पेन्स

सोमवारपर्यंत एक काम संपवायचंय. कंपनीत फ्रेशर्सची नवीन बॅच येतेय आणि त्यांच्या ट्रेनिंगचे ‘लर्निंग आउटकम्स’ लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

शब्द ऐकला आणि कॉलेज आठवलं. २०१४ साली भारत वॉशिंग्टन अ‍ॅकॉर्डचा कायम सदस्य झाला. मग एनबीएच्या मान्यतेसाठी प्रत्येक विषयाचे आउटकम्स लिहायचे आणि ते डिग्रीच्या बारा आउटकम्सशी किती जुळतात ते १, २, ३ असं भरायचं, हे सुरू झालं. आमच्याकडेही सेमिस्टरच्या शेवटी फॉर्म यायचा. सगळीकडे ३ ठोकायचे आणि कँटीन गाठायचं! कागदोपत्री आम्हाला सगळं येत होतं...

मला वाटायचं, हे खूळ नवीन आहे. पण शोधत गेलो तर थेट १८६२ च्या इंग्लंडमध्ये पोचलो.

तिथे शिक्षणखातं सांभाळणाऱ्या रॉबर्ट लो यांनी ‘रिवाइज्ड कोड’ आणलं. सरकार शाळेला पैसे देतं, तर पोरं काय शिकली ते दाखवा. वाचन, लेखन, गणित. सहा इयत्ता, आणि प्रत्येक इयत्तेत काय आलं पाहिजे ते स्वच्छ लिहिलेलं. इन्स्पेक्टर येऊन एकेका मुलाची परीक्षा घेणार. पास झाल्यास मुलामागे आठ शिलिंग, आणि प्रत्येक नापास विषयाला दोन शिलिंग आठ पेन्स कट.

स्पेसिफिकेशन म्हणून झकास. पण शाळेचं पोटच त्यावर अवलंबून, म्हणून मास्तर तेवढंच घोटून घ्यायला लागले. कवी मॅथ्यू अर्नॉल्ड स्वतः शाळा-इन्स्पेक्टर होता. त्याने अहवालात तक्रार केली की खरं वाचता-लिहिता न येताही पोरं या परीक्षेत पास होऊ शकतात. वाचनाचं पुस्तकच पाठ असायचं ना! शेवटी १८९० च्या दशकात ही पद्धत मोडीत निघाली.

म्हणजे आउटकम्स लिहिणंच चुकीचं? तसंही नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत तीस शाळांनी नेहमीचा अभ्यासक्रम बाजूला ठेवून प्रयोग केला. मूल्यमापनाची जबाबदारी राल्फ टायलरकडे होती. त्याने शिक्षकांनाच विचारलं: मुलात नेमका कोणता बदल हवाय, आणि तो झाला हे कशावरून कळेल? पुढे कॉलेजात या मुलांच्या १,४७५ जोड्या इतर शाळांतल्या मुलांशी लावून पाहिल्या. प्रयोगातली मुलं मागे पडली नव्हती, थोडी पुढेच होती. टायलरचं १९४९ चं छोटंसं पुस्तक आणि त्याचा विद्यार्थी बेंजामिन ब्लूम यांच्यामार्फत हा विचार आपल्या त्या फॉर्मपर्यंत आला.

फरक कुठे आहे? लो यांच्याकडे उत्तर तिजोरीकडे जायचं. टायलरकडे ते शिक्षकाकडे परत यायचं. आमचं उत्तर फाइलमध्ये गेलं. ३ ठोकणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळे दोष एकट्या कॉलेजला देत नाही. पण पहिल्या नोकरीत दुसऱ्याचा कोड वाचताना घाम फुटला, तेव्हा तो ३ आठवला होता.

असो. माझ्या शीटमधला पहिला आउटकम तयार आहे: ‘फ्रेशर अनोळखी कोडमधला बग शोधेल आणि तो का आला ते सांगेल.’ मॅनेजरला शेजारी पास टक्केवारीचा कॉलम हवाय. तो दिलाय, पण त्यापुढे माझा एक जोडलाय: ‘जमलं नाही, तर आम्ही काय बदलणार?’

तोच भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतोय.