उसाचे बेणे आणि ऊतिसंवर्धन : मराठवाड्याच्या संदर्भात एक टिपण

उसाच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा कालवे, कारखाने व सहकार यांवर खिळते. बेण्याकडे ती क्वचितच वळते. वस्तुतः ऊस बियांपासून नव्हे, तर टिपरीपासून लावला जातो. त्यामुळे मूळ उसाचे गुण जसे नव्या पिकात उतरतात, तसेच गवताळ वाढ, काणी, मोझेक हे रोगही उतरतात. शिवाय ज्वारीप्रमाणे उसाचे बेणे कणगीत साठवून ठेवता येत नाही. ते उभ्या पिकातच राखावे लागते.

नांदेड-लातूर भागाला ही गोष्ट विशेष जाचक ठरली. हैदराबाद संस्थानातील आधुनिक साखर कारखाना 1937 मध्ये नांदेडच्या सीमेपलीकडे, तेलंगणातील बोधन येथे, निजामसागराच्या पाण्यावर उभा राहिला. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले व 1960 मध्ये मराठवाडा महाराष्ट्र राज्याचा घटक बनला. त्यानंतर मांजरा व विष्णुपुरी प्रकल्पांमुळे ऊस वाढला. परंतु सुधारित वाण मात्र कोइमतूर (1912) व पाडेगाव (1932) येथील संशोधनकेंद्रांतूनच येत राहिले. शेतात बेणे वर्षाला सुमारे आठ-दहा पटच वाढते; यास्तव नवा वाण दूरच्या शेतापर्यंत पोहोचण्यास अनेक वर्षे लागत.

या अडचणीवर उपाय प्रयोगशाळेत सापडला. हवाई बेटांतील हाइन्झ व मी यांनी 1969 मध्ये उसाच्या कॅलसपासून रोपे मिळाल्याचे प्रसिद्ध केले. परंतु कॅलसजन्य रोपांत मूळ वाणापासून भेद उद्भवतात. पैदासकाराला ते उपयुक्त असले, तरी बेण्यासाठी ते दोषच होत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हेंद्रे, मस्कारेन्हास, जगन्नाथन आदी संशोधकांनी 1975 मध्ये शेंड्यातील विभज्येपासून मोझेकमुक्त रोपे वाढविल्याचे निवेदन केले. विभज्येत विषाणूचा शिरकाव सहसा झालेला नसतो, हे या पद्धतीचे मर्म होय. त्याच वर्षी स्थापन झालेल्या व पुढे वसंतदादा पाटील यांचे नाव धारण केलेल्या मांजरी येथील संस्थेने हे तंत्र कारखान्यांच्या बेणेमळ्यांपर्यंत नेले. ऊतिसंवर्धित रोप मूलभूत बेणे ठरते. त्यापासून पायाभूत व प्रमाणित बेणे तयार होते. पहिल्या पिढीचा ऊस फुटव्यांनी दाट व बारीक असतो, म्हणून तो गाळपाऐवजी बेण्यासाठीच राखणे इष्ट.

तथापि येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. शुद्ध बेणे पिकाला निरोगी करते. त्याची तहान कमी करीत नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा उसाखालील क्षेत्राविषयी जो वाद उठला त्याचे उत्तर काचेच्या नळीत नव्हते. उलट अवर्षणात पिकाबरोबर बेणेही जाते, आणि पाऊस परतताच मिळेल तेथून आणलेल्या टिपऱ्यांबरोबर रोगही येण्याचा संभव असतो. निर्जंतुक संवर्धात जपलेले मूळ बेणे या संकटाला पुरून उरू शकते. मराठवाड्याच्या दृष्टीने या तंत्राचे खरे महत्त्व येथे आहे.

परभणीचे कृषी विद्यापीठ (1972) व लातूरचे कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय यांमुळे हे ज्ञान आता या भूमीत शिकविले जाते. परंतु शेतातील बेणे तीन-चार वर्षांत पुन्हा रोगग्रस्त होऊ लागते व ते बदलणे अपरिहार्य असते. म्हणून ऊतिसंवर्धनाचा इतिहास हा एका शोधाचा इतिहास नसून बेणेमळा सातत्याने राखणाऱ्या शिस्तीचा इतिहास आहे. ही शिस्त पाण्याच्या मर्यादेत कशी बसवावयाची, हा प्रश्न इतिहासकार व कृषिशास्त्रज्ञ या दोघांनीही हाती घ्यावा असा आहे.