खूरधारी प्राण्यांच्या पायांतील अस्थिबंधांचा तंत्रिका-पुरवठा

हाडाला हाडाशी जोडणाऱ्या चिवट, तंतुमय पट्ट्यास अस्थिबंध म्हणतात. स्नायूला हाडाशी जोडणारी ती कंडरा. घोडा, गाय, मेंढी अशा खूरधारी प्राण्यांच्या पायांतील अस्थिबंध शरीराचा भार तोलतात आणि त्याचबरोबर ताण, हालचाल व वेदना यांची वर्दी मेरुरज्जू व मेंदूकडे पोहोचवतात. हे दुसरे कार्य त्यांतील तंत्रिका (मज्जातंतू) व त्यांच्या टोकांशी असलेले संवेदनाग्राही यांच्यामुळे घडते. या विषयाचा सर्वाधिक अभ्यास घोड्यात झाला आहे. घोड्याची सारी किंमत त्याच्या चालीत असल्यामुळे हे स्वाभाविकच होय.

रचना

घोड्याच्या पुढच्या पायाच्या ज्या सांध्यास लोक गुडघा म्हणतात, तो शरीररचनेच्या दृष्टीने मनगट असतो. त्याखालच्या भागात मांसल स्नायू जवळजवळ नसतात. नळीच्या लांब हाडामागे कंडरा आणि अस्थिबंधच असतात. त्यांपैकी निलंबी अस्थिबंध हा प्रमुख होय. तो मनगटाच्या खालून निघतो, पुढे त्याच्या दोन शाखा होतात आणि त्या नळीच्या खालच्या सांध्यामागील दोन लहान हाडांना चिकटतात. पाय टेकताच हा सांधा जमिनीकडे झुकतो, त्याला वर धरून ठेवणे हे या अस्थिबंधाचे काम. मुळात हा एक स्नायूच आहे. उत्क्रांतीच्या ओघात त्याचा पट्टा झाला असला, तरी घोड्यात त्यात थोडे स्नायुतंतू आजही आढळतात. वासरात ते बरेच असतात व वयाबरोबर कमी होत जातात. गायीच्या पायाला दोन खूर असल्याने ते फाकू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये तिरपे छेदणारे वेगळे अस्थिबंध असतात.

तंत्रिका

पुढच्या पायात मध्य तंत्रिका व अंतःप्रकोष्ठ तंत्रिका यांपासून बनलेल्या दोन तंत्रिका, एक आतल्या व एक बाहेरच्या अंगाने, पायामागून खाली उतरतात. बाहेरच्या तंत्रिकेची एक खोल शाखा निलंबी अस्थिबंधाच्या वरच्या भागास मिळते. खालच्या सांध्यापलीकडे याच दोन तंत्रिकांना अंगुली-तंत्रिका म्हणतात. खुराचा मागील भाग, त्यातील नौकाकृती हाड आणि त्या हाडाचे अस्थिबंध यांना त्या संवेदना पुरवतात. मागच्या पायातील मांडणी बरीचशी अशीच असून तेथील तंत्रिका अंतर्जंघ तंत्रिकेपासून निघतात.

संवेदनाग्राही

सांध्यांतील तंत्रिकाग्रांचे चार प्रकार फ्रीमन आणि वाइक यांनी 1967 मध्ये मांजराच्या गुडघ्यावरून वर्णिले. ही वर्गवारी इतर सस्तन प्राण्यांसाठीही वापरली जाते. रुफिनी ग्राही सांध्याची स्थिती व टिकून राहिलेला ताण कळवतात. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी रचना असलेले पाचिनी ग्राही कंपन व अचानक झालेला बदल टिपतात आणि लगेच शांत होतात. गॉल्जी ग्राही मोठा ताण आल्यावरच जागे होतात. चौथा प्रकार आवरणरहित मुक्त तंत्रिकाग्रांचा असून वेदना त्यांच्याद्वारे जाणवते. अस्थिबंधात हे ग्राही सर्वत्र सारखे पसरलेले नसतात. हाडाला चिकटण्याच्या जागेजवळ आणि पृष्ठभागावरील सैल आवरणात ते अधिक असतात, मधल्या भागात विरळ.

अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाचे रॉबर्ट बाउकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात घोड्याच्या टाचेच्या भागात पाचिनीसदृश ग्राही दाखवून दिले. नौकाकृती हाडाच्या अस्थिबंधांत संवेदी तंतू विपुल असल्याचेही त्यांना आढळले. यावरून खुराचा मागील भाग हा जमिनीची जाण देणारा अवयवही ठरतो.

चौखूर धावताना घोड्याचा एक पाय सुमारे दशांश सेकंदच जमिनीवर टेकलेला असतो. इतक्या अल्प वेळात संदेश वर जाऊन स्नायूंची दुरुस्ती होणे कठीण. म्हणून अस्थिबंधांकडून मिळालेल्या माहितीचा उपयोग बहुधा पुढचे पाऊल ठरवण्यासाठी होत असावा.

निदान व तंत्रिकाछेदन

लंगडणाऱ्या घोड्याची दुखरी जागा शोधताना पशुवैद्य पायाच्या खालच्या टोकापासून सुरुवात करून एकेक तंत्रिका क्रमाने बधिर करतात. ज्या टप्प्यावर लंगडणे थांबते, तेथे दुखण्याचे मूळ मानले जाते. ही रीत उपयुक्त असली तरी अचूक नाही. औषध शेजारच्या ऊतकांत वा सांध्यात पसरते आणि निष्कर्ष फसवा ठरू शकतो.

नौकाकृती हाडाच्या जुनाट दुखण्यात अंगुली-तंत्रिका कापण्याची शस्त्रक्रिया दीर्घकाळ प्रचलित आहे. तिने घोडा लंगडायचा थांबतो, परंतु रोग तसाच राहतो आणि इशारा देणारी वेदना मात्र नाहीशी होते. खुरात खिळा घुसला वा पू झाला, तरी तो लक्षात येत नाही; दुखावलेल्या कंडरेवर पूर्ण भार पडून ती तुटू शकते. कापलेल्या टोकाशी दुखरी गाठ होणे किंवा तंत्रिका पुन्हा वाढून लंगडणे परतणे, हेही घडते. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघ अशा रीतीने संवेदनाहीन केलेल्या पायाचा घोडा स्पर्धेत उतरू देत नाही. ही बंदी घोड्याइतकीच स्वाराच्याही हिताची आहे.

मागच्या पायातील निलंबी अस्थिबंधाच्या वरच्या टोकास जुनाट सूज असल्यास बाहेरच्या तंत्रिकेची खोल शाखा कापली जाते. या शाखेतून संवेदी तंतूंबरोबर त्या अस्थिबंधातील स्नायुतंतूंना चालना देणारे तंतूही जात असल्याने, शस्त्रक्रियेनंतर ते स्नायुतंतू क्षीण होत जातात.