अश्वशक्तीचा जमाखर्च

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पेढीवर नवी वही मांडून तिला हळदकुंकू वाहण्याची आपली रीत आहे. लक्ष्मी यायची तर हिशेब चोख हवा, हे आपल्या वाडवडिलांनी ओळखले होते. परंतु देशाच्या इंधनाची वही मांडायला आपण उशिराच बसलो. १९६३ साली नेमलेल्या ऊर्जा सर्वेक्षण समितीचा अहवाल १९६५ साली आला. कोळसा, तेल आणि वीज यांच्या पंक्तीला तिने चुलीतले सरपण आणि गोवऱ्याही बसवल्या, आणि सर्वांना कोळशाच्या एकाच मापाने मोजले.

या वहीतले एक बोलके पान आमच्या नगर जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे आहे. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले. कालव्यांपाठोपाठ ऊस आला, १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे विहिरीवरची मोट गेली आणि विजेची मोटार आली. ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ १९६९ साली स्थापन झाले. त्याच सुमारास देशात प्रयोगादाखल पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था निघाल्या. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा ही त्यांपैकी एक. मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि सभासदांना पुरवायची, असा तिचा व्यवहार.

आता मोजमापाची गोष्ट पाहा. शिवारात विखुरलेल्या विहिरींवर जाऊन मीटर वाचणे खर्चाचे आणि जिकिरीचे. म्हणून राज्यात पुष्कळशा पंपांना अश्वशक्तीवर ठोक आकारणी लागू झाली. पाच अश्वशक्तीची मोटार तासाला सुमारे चार युनिटे खाते. पण ती दोन तास चालली काय आणि दहा तास चालली काय, बिल तेच! मग काटकसरीचा पंप घेण्याची कोणाला गरज वाटावी?

याहून मोठा घोटाळा वहीत झाला. एकूण पाठवलेल्या विजेतून मीटरवर विकलेली वीज वजा केली, की उरते ती शेतीची वीज आणि गळती. शेतीचा आकडा अंदाजाचा. तो फुगवला, की गळती आपोआप रोडावते. राज्य वीज मंडळ कित्येक वर्षे शेकडा पंधरा-अठरा गळती सांगत होते. १९९९ साली वीज नियामक आयोग आला, आणि २००० सालच्या दरसुनावणीत ती शेकडा तीसच्याही वर निघाली. म्हणजे तारांतून झिरपलेली आणि आकडे टाकून चोरलेली वीज बिचाऱ्या शेतकऱ्याच्या नावावर खर्ची पडत होती. न पिता तो पीत असल्याचा बोभाटा झाला!

थकबाकीच्या ओझ्याखाली वाकलेल्या मुळा-प्रवराचे वीजवितरण २०११ साली महावितरणकडे गेले. तिकडे दिल्लीत २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, पुढल्याच वर्षी ऊर्जा दक्षता ब्यूरो निघाला. आज फ्रिजवर तारे पाहून आपण खरेदी करतो, ते त्याचेच फळ.

मीटर म्हटले की शेतकऱ्याला धास्ती वाटते, आणि बिलाचा आकडा पाहता ती अगदीच निराधार नाही. पण ज्याच्या विहिरीवर माप नाही, त्याला आपली बाजू सिद्ध करायलाही साधन नाही. वहीत ज्याचे पान कोरे राहते, त्यावर दुसराच कोणी आकडा लिहितो. म्हणून माप हे सरकारपेक्षाही शेतकऱ्याच्याच हिताचे आहे.