किरकोळ जमा



आमच्या बस्तीच्या जीर्णोद्धाराला यंदा पन्नास वर्षं होतात, म्हणून स्मरणिका काढायचं ठरलंय. "काकू, तुम्ही बी.कॉम. आहात, जुन्या वह्या बघून देणगीदारांची यादी तेवढी काढून द्या," असं कमिटीतल्या मुलांनी सांगितलं आणि लाल कापडी बांधणीच्या चार वह्या घरी आणून ठेवल्या. दुपारी जेवणं आवरली की मी त्या घेऊन बसते. मोठ्या देणग्या सोप्या आहेत, ती नावं संगमरवरी फलकावरही आहेत. पण दर महिन्याला एक ओळ येते, "किरकोळ जमा". कधी चाळीस रुपये, कधी पंचावन्न. सलग अडीच वर्षं. नाव नाही, पावती नंबर नाही. बेरीज केली तर फलकावरच्या दोन-तीन नावांपेक्षा ही रक्कम मोठी निघाली.

ती ओळ बघून मला अमेरिकेतल्या एका स्वयंपाकिणीची आठवण झाली. तिची गोष्ट आधी सांगते, मग आपल्या वहीकडे येऊ.

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे अटलांटाला गेले होते. तिथून गाडीने अडीच-तीन तासांवर मॉन्टगोमेरी नावाचं शहर आहे, अलाबामा राज्याची राजधानी. त्या सगळ्या भागाला तिकडे 'साऊथ' म्हणतात. तिथे 1955 साली बसमध्ये पुढच्या जागा गोऱ्यांसाठी राखीव असत. कृष्णवर्णीय बाईने पुढच्या दाराने चढून दहा सेंट भाडं द्यायचं, खाली उतरायचं आणि मागच्या दाराने परत चढायचं. ती मागच्या दारापाशी पोचायच्या आत ड्रायव्हर गाडी हाकून मोकळा झाला, असंही व्हायचं.

1 डिसेंबर 1955 ला रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी जागा सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. एवढं आपण शाळेच्या पुस्तकातही वाचलेलं असतं. पण त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॉडेट कॉल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीने हेच केलं होतं, हे मला तिथे जाऊन कळलं. आणि पार्क्सबाईंना अटक झाली त्या रात्री जो ॲन रॉबिन्सन या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी जागून हजारो पत्रकं छापली. सोमवारी बसमध्ये बसू नका, एवढाच निरोप. बायकांची एक संघटना होती, तिच्या त्या अध्यक्ष. सोमवार 5 डिसेंबरला बस रिकाम्या धावल्या. एका दिवसाचा बहिष्कार पुढे 381 दिवस चालला. सव्वीस वर्षांचे पाद्री मार्टिन ल्यूथर किंग त्याचे पुढारी झाले. बहिष्कार करणाऱ्यांचा मार्ग मारामारीचा नव्हता, जाळपोळीचा नव्हता. शहरातल्या एका गोऱ्या ग्रंथपाल बाईंनी, ज्युलिएट मॉर्गन त्यांचं नाव, पहिल्याच पंधरवड्यात वर्तमानपत्राला पत्र लिहून या चालण्याची तुलना गांधीजींच्या दांडीयात्रेशी केली होती.

आता माझ्यातली कॉमर्सची विद्यार्थिनी विचारते, वर्षभर हे चालवायला पैसा कुठून आला? लोक पायी गेले हे खरं, पण म्हाताऱ्या बायका, लांब कामाला जाणारे, यांच्यासाठी शेकडो गाड्यांची ने-आण रोज चालू होती. चर्चने मोठ्या गाड्या घेतल्या होत्या. पेट्रोल, दुरुस्ती, विमा, कोर्टखर्च, सगळं रोकडीचं काम.

इथे जॉर्जिया गिल्मोर येतात. एका उपाहारगृहात स्वयंपाकीण, सुईणीचं कामही करायच्या, पदरात मुलं. शरीराने दणकट आणि जिभेने तिखट. पहिल्या सभेच्या वेळी त्यांनी मैत्रिणींकडून थोडे थोडे पैसे गोळा केले, सामान आणलं, सँडविच करून विकली आणि आलेले पैसे चळवळीला दिले. मग हे वाढत गेलं. कुणी घरी केक भाजायचं, कुणी रताळ्याचा गोड पाय (आपल्या पुरणाच्या जाड पोळीसारखा समजा, फक्त वरून उघडा), कुणी पूर्ण जेवण. त्यात कोंबडीही असायची, ते आपल्याला चालणारं नाही, पण लपवून कशाला सांगू? ब्यूटी पार्लरमध्ये, टॅक्सीच्या थांब्यावर, चर्चच्या दाराशी हे विकलं जायचं. गंमत म्हणजे गिऱ्हाइकांत गोरेही असायचे.

आठवड्याच्या सभेत जॉर्जियाबाई पैसे घेऊन पुढे जायच्या आणि किती जमले ते सांगायच्या. लोक टाळ्या वाजवायचे, पाय आपटायचे. शहराच्या दुसऱ्या बाजूला इनेझ रिक्स यांनी 'फ्रेंडली क्लब' काढला आणि दोन्ही गटांत चढाओढ लागली, या आठवड्यात कोण जास्त आणतं. आपल्याकडे दोन महिला मंडळांत लागते तशीच!

पण जॉर्जियाबाईंच्या गटाचं नाव होतं, 'द क्लब फ्रॉम नोव्हेअर'. म्हणजे कुठूनच न आलेलं मंडळ. या बायका गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं करणाऱ्या. नाव फुटलं असतं तर दुसऱ्या दिवशी काम गेलं असतं, कुणाचं भाड्याचं घर गेलं असतं. म्हणून कोणी काय केलं, कोणी किती दिलं, हे फक्त जॉर्जियाबाईंना ठाऊक. पैसे कुठून आले असं कोणी विचारलं तर खरं उत्तर तयार, कुठूनच नाही.

स्वतःचं नाव मात्र त्यांनी लपवलं नाही. मार्च 1956 मध्ये किंग यांच्यावर खटला चालला, तेव्हा त्या साक्षीला उभ्या राहिल्या. भाडं घेऊन ड्रायव्हर आपल्याला रस्त्यावर सोडून कसा गेला ते कोर्टात सांगितलं. नोकरी गेली. मग किंग यांच्या सल्ल्याने आणि मदतीने त्यांनी आपल्याच घरात खाणावळ सुरू केली. चळवळीतली माणसं त्यांच्या टेबलाशी जेवायची आणि तिथेच बैठका व्हायच्या.

शेवटी निकाल लागला तो चार बायकांच्या दाव्यावर. ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि तीच शाळकरी क्लॉडेट. नोव्हेंबर 1956 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि 21 डिसेंबरपासून माणसं हव्या त्या जागेवर बसू लागली.

जॉर्जियाबाई मार्च 1990 मध्ये गेल्या. सेल्मा ते मॉन्टगोमेरी या 1965 च्या पदयात्रेला पंचवीस वर्षं झाली म्हणून लोक येणार होते, त्यांच्यासाठी त्या स्वयंपाक करत होत्या. घरच्यांनी तेच जेवण अंत्यदर्शनाला आलेल्यांना वाढलं. डेरिकोट स्ट्रीटवरच्या त्यांच्या साध्या घरासमोर आज त्यांच्या नावाचा फलक आहे. शहराच्या चौकात 2019 मध्ये रोझा पार्क्स यांचा पुतळा बसवला, तिथे दावा लावणाऱ्या चौघींचेही दगड आहेत. लेकीने माझा तिथे फोटो काढला. पण रताळ्याचा पाय करणाऱ्या बाकीच्यांचे दगड कुठे आहेत? बहुतेकींची नावं जॉर्जियाबाईंबरोबरच गेली.

आता आपली वही. "किरकोळ जमा" वाचलं आणि सासूबाईंचे शब्द आठवले. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्या बोलता बोलता म्हणाल्या होत्या, "आम्ही पण बस्तीला हातभार लावला गं, पापड लाटून." मी कुकरची शिटी मोजत होते. हं म्हटलं आणि सोडून दिलं. त्याची आज फार चुटपुट लागते.

त्या काळच्यांपैकी आता एकच आक्का उरल्यात, वय नव्वदीला टेकलेलं. वही घेऊन गेले. आक्का हसायलाच लागल्या. "त्येला काय लिवायचं? किरकोळच हुतं ते." मग हळूहळू निघालं. दुपारी पुरुष मंडळी शेताकडे गेली की मागच्या सोप्यात लाटणी बसायची. उडदाची डाळ ज्या त्या घरातली, थोडी थोडी बाजूला काढलेली. पापड विकायची कासारीण. ती बांगड्या भरायला गावोगाव जायची, टोपलीच्या तळाशी पापड. पाटलांच्या घरातल्या सुना पापड विकतात हे कळलं असतं तर घरात गहजब झाला असता. म्हणून नावं नकोत असं आधीच ठरलेलं. पैसे पंडितांच्या बायकोच्या हाती आणि तिथून पेटीत.

कमिटीच्या सभेत मी हे सांगितलं. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "ते गुप्तदान आहे. गुप्तदानाला नाव लावलं तर पुण्य कमी होतं." मी गप्प बसले, कारण लहानपणापासून मीही हेच ऐकत आले. रात्रभर विचार केला. गुप्तदान म्हणजे देणाऱ्याने मान नको म्हणून नाव झाकणं. या बायकांनी मान नको म्हणून नव्हे, धाकाने झाकलं होतं. मॉन्टगोमेरीच्या बायकांनीही धाकानेच झाकलं. धाक गेल्यावरही आपण झाकूनच ठेवायचं, याला दान म्हणायचं की आपला आळस?

तरी परवानगी हवीच, म्हणून परत आक्कांकडे गेले. म्हटलं, "आक्का, नावं छापली तर चालेल का?" त्या बराच वेळ जपमाळ फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता कोन बोलनार हाय? सासरं बी गेलं, मालक बी गेलं. घाल. पर घातलीस तर समद्यांची घाल. कासारनीचं बी."

अकरा नावं मिळाली. दोघींची आक्कांनाही आठवली नाहीत. एक "तलाठ्याची आई" आणि एक "विहिरीजवळच्या घरातली". कासारणीचं नाव शोधायला तिच्या नातवाकडे रविवारी जाणार आहे. यादीत सासूबाईंचं नाव लिहिताना मी अडखळले. लग्नाआधीचं त्यांचं नाव काय, हे चाळीस वर्षं त्यांच्या घरात राहून मला माहीत नव्हतं. ते नणंदेला फोन करून विचारलं.

मैत्रिणींनो, तुमच्या बस्तीच्या, मंदिराच्या वह्यांतही अशी एखादी ओळ असेल. तुमच्या गावात एखाद्या आक्का अजून असतील, तर या आठवड्यातच जाऊन बसा त्यांच्यापाशी. आणि त्या बोलत असताना कुकर बंद ठेवा.