फ्रॉइडचे बालमस्तिष्कविषयक लेखन

सिग्मंड फ्रॉइड हे नाव मनोविश्लेषणाशी इतके निगडित झाले आहे, की तत्पूर्वीच्या त्याच्या ग्रंथलेखनाकडे अभ्यासकांचेही सहसा लक्ष जात नाही. १८८६ पासून व्हिएन्नातील कासोविट्झच्या बालरुग्ण-संस्थेत मज्जाविकार विभाग त्याच्याकडे होता. तेथील अनुभवातून त्याने १८९१ साली ऑस्कर री याच्यासह मुलांच्या अर्धांगवातावर, १८९३ साली उभयांगी पक्षाघातावर आणि १८९७ साली नोथनागेलच्या वैद्यकीय ग्रंथमालेसाठी एकंदर बालमस्तिष्कघातावर लिहिले. (वाचाघातावरील त्याचे पुस्तकही १८९१ चेच.)

या लेखनातील एक शंका विशेष मोलाची आहे. कष्टप्रसूती, अकालजन्म व जन्मसमयीचे गुदमरणे यांमुळे नवजाताच्या मेंदूस इजा होऊन अवयव ताठरतात, असे लंडनच्या विल्यम लिटलने १८६१ साली प्रतिपादिले होते. तशाच प्रसूतीतून जन्मलेली कित्येक मुले धडधाकट राहतात, हे पाहून फ्रॉइडने कार्यकारणांचा क्रमच उलटा करून पाहिला. गर्भातच काही बिघडले असल्यामुळे तर प्रसूती अवघड झाली नसेल? हा केवळ पंडिती वाद नव्हे. प्रसूतीच कारण ठरली, की दोष सुईण वा डॉक्टर यांच्या माथी येतो.

तथापि लिटलचेच मत दीर्घकाळ रूढ राहिले. फ्रॉइडचा १८९७ चा ग्रंथ इंग्रजीत येण्यासच १९६८ साल उजाडले. पुढे १९८६ साली नेल्सन व एलेनबर्ग यांनी अमेरिकेतील सुमारे ५४,००० गर्भधारणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जन्मसमयीच्या गुदमरण्याने फारच थोड्या रुग्णांच्या विकाराचा उलगडा होतो, असे आढळले.